आधी ओढा, मग पाइप

मा. संपादक,

कृष्णा आणि दूधगंगेच्या काठी, यडूर-कल्लोळपासून सदलगा-बोरगावपर्यंत, उन्हाळ्यात पांढरी पडलेली राने दिसतात. नदीवर बंधारे झाले, उपशाचे पाणी बारमाही आले, उसामागून ऊस लागला. जादा पाणी रानाबाहेर कसे काढायचे, हा विचार मागेच राहिला. काळ्या जमिनीत भूजल चार-पाच फुटांच्या आत आले की ते वर चढते. पाणी उन्हाने उडते, मीठ वरच राहते.

आता रानात जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून जादा पाण्याचा ओढ्यात निचरा करण्याकडे कल आहे. उपाय योग्यच आहे, पण पुष्कळ ठिकाणी काम उलट्या टोकाने सुरू होते. पाइपला 100 मीटरला 20 सेंटिमीटर उतार धरला, तर 300 मीटरला दोन फूट होतात. सपाट रानात वरच्या टोकाला पाइप चार फुटांवर असेल तर ओढ्याकडचे तोंड सहा फुटांवर येते. तोंड पाण्याच्या वर उघडे राहायला हवे, म्हणजे ओढा किमान सात फूट खोल पाहिजे. आपले ओढे किती खोल उरलेत, ते एकदा टेप टाकून बघावे. 2019 आणि 2021 च्या महापुरांचा गाळ त्यात बसला, पाणकणीस माजले, शिवाय काठ नांगरून आपणच उसाच्या सऱ्या आत सरकवल्या. तोंड बुडाले की पाइपातले पाणी तुंबते, गाळ आत बसतो आणि एकरी केलेला खर्च मातीत जातो.

म्हणून पाइपची मागणी नोंदवण्याआधी ओढ्याची लेव्हल काढावी. चर खालच्या टोकाकडून वर खणत न्यावा. मध्ये कुठे उलटा उतार राहिला तर गाळ तिथेच धरतो. पाइपला गाळणीचे कापड हवेच; त्यावाचून बारीक मातीने छिद्रे बुजतात.

जिप्सम या जमीन सुधारणाऱ्या खनिजाबद्दलही गैरसमज फार आहे. पांढरे मीठ फुटलेल्या, साडेआठच्या आत सामू (pH) असलेल्या क्षारयुक्त जमिनीला जिप्सम लागत नाही. तिला निचरा आणि वरून गोडे पाणी लागते. ओली असता चिकट, वाळल्यावर दगडासारखी होणारी चोपण जमीन वेगळी. तिला जिप्सम द्यावा, पण तिथेही जिप्सममुळे मातीतून सुटलेला सोडियम वाहून जायला वाट नसेल तर पोती वाया जातात. एक फूट, दोन फूट, तीन फूट अशा तीन थरांची माती तपासून मगच ठरवावे.

ओढा एका शेतकऱ्याच्या हातचा नाही. ग्रामपंचायतीने ओढा नदीला मिळतो तिथून गावाकडे, याच क्रमाने, मार्च ते मे दरम्यान गाळ काढावा आणि तो काठावर न टाकता उचलून न्यावा. काठावर टाकलेला गाळ पहिल्या वळवालाच परत आत येतो.

– कृष्णाकाठचे शेतकरी, ता. चिकोडी