गाविलगडाला पायी जाऊ द्या : पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की आमच्या सिव्हिल लाइन्सला बॅरिकेड्स लागतात आणि विधानभवनात विदर्भाच्या अनुशेषावर भाषणं होतात. सिंचन, रस्ते, उद्योग, सगळं निघतं. पायवाटेचा अनुशेष काही कोणाच्या तोंडी येत नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही नागपूरचे काही मित्र दर थंडीत डोंगरात जातो. नागपूरकराने ट्रेक करायचा म्हणजे आधी रात्रभर रेल्वेत बसून सह्याद्री गाठायचा, हे जणू ठरूनच गेलंय. यंदा म्हटलं, घरचा सातपुडा पाहू. आधी चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला, मग अकोट बाजूचा नरनाळा किल्ला, मधे गावांत मुक्काम. तीन-चार दिवसांचं काम.

चालणं अवघडच होतं, पण त्याहून अवघड निघाली परवानगी. किल्ले दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली, भोवतालचं जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं, आणि चिखलदऱ्याला येणारा पर्यटक तुमच्या खात्याचा. आम्ही विचारत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळालं : "गाडीनं जा ना, पायी कशाला?" एका साहेबांनी तर आम्हाला पक्षी मोजायला आलेले समजून वेगळाच फॉर्म दिला.

शेवटी डोंगराच्या पायथ्याच्या धामणगाव गढी गावाकडून, गावकऱ्यांच्या रोजच्या पायवाटांनी वर चढलो. पायथ्याला सागाची सुपाएवढी पानं वाळून पडलेली, त्यांच्याखाली सुटे दगड. पाय कुठे पडेल ते दिसत नाही, आणि आवाज एवढा की पुढच्याशी बोलायचं तर थांबावं लागतं. वर घाणेरीची झुडपं बाह्या धरून ओढतात. पाठीवर सॅक, वाटेत पाणी नाही. आमच्यातला एक जण सह्याद्रीत भल्याभल्यांना मागे टाकणारा. तो मोथ्याच्या पठारावर पोचल्यावर पहिल्यांदा बोलला, तेही "चहा" एवढंच. मोथ्याला गवळ्यांच्या घरी रात्र काढली. घरच्या दुधाचा खवा, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. चिखलदरा 1118 मीटरवर आहे, हे नकाशात वाचणं वेगळं आणि पहाटे तिथे तोंड धुणं वेगळं.

आणि मग गाविलगड. दरवाजावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला, आत तलाव, मशिदी, गवतात आडव्या पडलेल्या तोफा. तटाच्या सांध्यांत पिंपळाची मुळं घुसलीत. 1803 च्या नोव्हेंबरात अडगावला इंग्रजांकडून हरल्यावर नागपूरकर भोसल्यांची फौज इथे आली. किल्लेदार बेनीसिंग. किल्ला दक्षिणेकडून कड्यांमुळे अभेद्य, म्हणून इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने अचलपूरकडून डोंगरात स्वतः रस्ता फोडत, अवजड तोफा हातांनी ओढत उत्तरेची बाजू गाठली. त्यांचा तो ट्रेकच म्हणायचा, आणि आमच्यापेक्षा कितीतरी खडतर. 15 डिसेंबरला किल्ला पडला, बेनीसिंग लढता लढता गेले. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड रघूजी भोसल्यांच्या हातून सुटला. समोरचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. एवढा इतिहास नागपूरच्या किती शाळकरी पोरांना ठाऊक असेल? सहलीची बस येते, पॉइंट पाहून, मक्याचं कणीस खाऊन परत जाते.

नरनाळ्याला पायी जाता आलं नाही. मधे व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आहे आणि तिथे माणसांनी तंबू ठोकू नयेत, हे आम्हालाही मान्य. परतवाडा, अकोट, पोपटखेड असं जीपनं फिरून नरनाळ्याच्या पायथ्याचं शहानूर गाठलं. 1487 चा महाकाली दरवाजा आणि त्यावरचा शिलालेख पाहून अंधाराच्या आत खाली आलो.

तर मागणी एवढीच. धामणगाव गढी-मोथा-चिखलदरा-गाविलगड अशी एक अधिकृत, परवान्याची पायवाट सुरू करा. मुक्काम गाभ्याबाहेरच्या गावांत, किल्ल्यात नाही. वाटाडे स्थानिक कोरकू आणि गवळी तरुण, प्रशिक्षण देऊन, मजुरी ठरवून. रोजची माणसं मोजकी, पावसाळ्यात बंद. पेरू देशात माचू पिच्चूच्या अवशेषांकडे जाणारी चार दिवसांची इन्का वाट अशीच चालते : हमाल-वाटाडे धरून रोज फक्त 500 माणसं, परवानाधारक वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, फेब्रुवारीत डागडुजीसाठी बंद. एवढ्या लांब कशाला, शेजारच्या मध्य प्रदेशात सातपुडा व्याघ्र प्रकल्पात पायी सफारी होते. तिथले वाघ काही वेगळे नाहीत.

2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा मराठा किल्ले गेले, आनंदच झाला. विदर्भातला त्यात एकही नाही, याचीही तक्रार नाही. पण चिखलदऱ्याला काचेच्या स्कायवॉकसाठी कोट्यवधी निघतात, तिथे या वाटेला लागतील चार दिशादर्शक पाट्या, दोन पाण्याच्या टाक्या आणि तीन खात्यांची एका टेबलावरची एक बैठक. पुरातत्त्व खात्याचं मंडळ कार्यालय नागपुरातच आहे, वन खात्याचं मुख्यालयही इथेच. डिसेंबरात तुम्हीही इथेच असता.

अधिवेशनातला एखादा शनिवार-रविवार मोकळा ठेवा, आम्ही येतो सोबत. ताफा धामणगाव गढीला थांबवावा लागेल, आणि बूट मात्र जुनेच घाला. नवे बूट त्या चढावर चावतात.

आपला,
नागपूरचा एक भटक्या