काच भरलेले माणिक ‘केवळ तापवलेले’ म्हणून विकल्याबाबत तक्रार

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
दि. १८ जुलै

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: २.१४ कॅरेटचे सुटे माणिक परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय,

दि. १२ जून रोजी मी आपल्या संकेतस्थळावरून गोमेद, स्पिनेल आणि माणिक असे तीन सुटे खडे मागवले. पहिल्या दोन खड्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. गोमेदाचा मधासारखा रंग तर छायाचित्रापेक्षाही सरस निघाला. तक्रार आहे ती ३८,५०० रुपयांच्या माणकाबद्दल. त्याच्या वर्णनात ‘मोझांबिक, नैसर्गिक, केवळ तापवलेले’ असे स्पष्ट लिहिलेले होते.

खडा हाती आल्यावर दहापट भिंगाखाली तो सावकाश फिरवताना एका विशिष्ट कोनात आतल्या भेगेवरून निळसर झळक सरकून गेली आणि तिच्या कडेला चपटे बुडबुडे दिसले. शंका आल्याने मी तो मुंबईतील एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दिला. दि. ३० जूनच्या अहवालानुसार खडा माणिकच आहे, मात्र त्याच्या भेगांमध्ये शिसेयुक्त काच मोठ्या प्रमाणात भरलेली आहे. आपण सोबत पाठवलेल्या कार्डावर ‘प्रक्रिया’ हा रकाना कोरा आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. माझ्याकडून ते आधीच पाहिले जायला हवे होते, हे मान्य.

दूरध्वनीवर आपल्या प्रतिनिधीने ‘रंगीत खड्यांवर प्रक्रिया असतेच’ असे उत्तर दिले आणि त्यापाठोपाठ माझी रास विचारली. मी खडे ग्रहांसाठी नव्हे, तर संग्रहासाठी घेतो, त्यामुळे राशीचा प्रश्न बाजूला ठेवू. रंग खुलवण्यासाठी माणिक तापवण्याची रीत जुनी असून ती लपवली नाही तर व्यापारात कोणी आक्षेप घेत नाही. शिसेयुक्त काच भरलेला माल मात्र २००४ च्या सुमारास बाजारात आला आणि त्यात एरवी कोणी हात लावणार नाही असे भेगाळलेले दगड पारदर्शक दिसू लागतात. तापवलेल्या माणकाचा रंग कायम राहतो, तर ही काच लिंबाच्या रसानेही खराब होऊ शकते आणि सोनाराच्या ज्योतीखाली तर हमखास बिघडते. मुलीच्या गळ्यातल्या पदकासाठी मात्र हाच खडा आमच्या सोनारांकडे द्यायचे ठरले होते. तपासणीआधी तो गेला असता, तर पुढे दोष त्यांच्या माथी आला असता. शिवाय काचेचे वजनही कॅरेटमध्ये मोजले जाते, म्हणजे मी माणकाच्या दराने काच विकत घेतली. तापवणे आणि काच भरणे या दोन्ही गोष्टींना ‘प्रक्रिया’ हा एकच शब्द वापरून आपण भावातली फार मोठी तफावत झाकता, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

परतीची दहा दिवसांची मुदत उलटल्याचे कारण आपण पुढे केले आहे. ‘कोणत्याही प्रयोगशाळेत तपासून घ्या’ असे आपल्याच संकेतस्थळावर लिहिलेले असताना तपासणीला लागणारे दिवस त्या मुदतीत धरणे योग्य नाही. तसेच ही मुदत मन बदललेल्या ग्राहकासाठी असते. खोट्या वर्णनाला ती लागू होत नाही.

तरी ३८,५०० रुपये व तपासणी शुल्क मला परत मिळावे आणि याच वर्णनाने विक्रीस ठेवलेल्या उर्वरित माणकांची नोंद दुरुस्त करावी. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार आपण या तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

बिल, वर्णनाचे छापील पान आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. खडा मूळ डबीतच आहे. तो मी कुरियरने पाठवणार नाही. आपल्या माणसाने घरी येऊन, माझ्यासमोर वजन करून, पोच देऊन तो घेऊन जावा.

आपला,
एक ग्राहक