तुझा मुलगा हसला, त्याबद्दल

खानापूर

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. शाळेच्या बसमध्ये एका पोराच्या बोलण्याची नक्कल चालली होती, तेव्हा तुझा मुलगा हसला; त्यावरनं शाळेतनं बोलावणं आलं म्हणून तू चिडलायस. "आमच्या पोरानं हात उचलला नाही, शिवी दिली नाही, हसत उभा होता एवढंच," असं लिहिलंयस. मला त्या हसण्याबद्दलच बोलायचंय.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये वर्गातल्या छळाचा अभ्यास मांडला. छळणारा आणि सोसणारा, एवढे दोघेच त्यात नसतात. एक जण पुढाकार घेतो, दुसरा त्याच्या हाताखाली दप्तर ओढतो, वाट अडवतो. काही जण हसून-ओरडून चेव आणतात. बरेच जण बघून न बघितल्यासारखं करतात. आणि एखादा त्या पोराची बाजू घेतो.

आता तुमच्या शाळेची बस आठव. जांबोटीकडनं आलेलं ते पोर, बोलण्यात कोंकणी हेल. त्यानं तोंड उघडलं की नक्कल सुरू. नक्कल करणाऱ्याला हवा असतो वर्गात वट, आणि तो त्याला मिळतो मागच्या सीटवरच्या हसण्यातनं. कुणी हसलंच नाही तर नक्कल करायची कुणासाठी? सोसणाऱ्याच्या बाजूनं बघ: नक्कल करणारा एक, हसणारे दहा. त्याला सगळा वर्गच उलटल्यासारखा वाटतो. बोलीवरनं कुणी हिणवलं की कसं लागतं, हे आपल्या सीमाभागातल्या माणसांना दुसऱ्यानं सांगायला नको रे.

पोराला मारू नकोस, कळकळीनं सांगतोय. पुढची पाळी आपली येईल या भीतीनंही पोरं हसतात. एकट्याला घेऊन बस आणि विचार, त्याला आतनं काय वाटत होतं.

टोरांटोच्या शाळांमधल्या मुलांचं चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास 2001 मध्ये आला. इतर मुलं मध्ये पडली तेव्हा 57 टक्के वेळा छळ दहा सेकंदांत थांबला होता. पण तुझ्या पोरानं लगेच त्या दांडगटाला भिडावं असं माझं म्हणणं नाही. हसू नये, बसमध्ये त्या पोराशेजारी बसावं, सरांच्या कानावर घालावं. त्याच्या वयाला एवढं पुष्कळ झालं.

सोमवारी शाळेत जाशील तेव्हा सरांशी वाद घालू नकोस. त्या पोराच्या घरी कळवलंय का, ते आधी विचार. मी शनिवारी बेळगावला बाजाराला येतोय, संध्याकाळी तुझ्याकडं थांबेन. तोवर त्याच्याशी बोलून ठेव.

वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र