मेम्फिसच्या महापौरांना खुले पत्र : क्लेबोर्न टेंपलच्या भिंती सांभाळा

मा. पॉल यंग,
महापौर, मेम्फिस, अमेरिका यांस

स.न.वि.वि.

२८ एप्रिल २०२५ च्या पहाटे क्लेबोर्न टेंपल या तुमच्या शहरातल्या चर्चला आग लागली. छप्पर कोसळलं, आतलं सगळं जळालं. आग मुद्दाम लावली होती, हे तपासात पुढे आलं. १८९२ ची ही दगडी वास्तू मूळ गोऱ्यांचं चर्च. १९४९ मध्ये ती कृष्णवर्णीयांच्या मंडळीकडे आली. १९९९ पासून ती ओस होती. लोकांनी संस्था उभारून, पैसा गोळा करून जीर्णोद्धार चालवला होता. काम चालू असतानाच हा घाला पडला.

मी महाराष्ट्रातून लिहिते आहे. आमच्याकडे आजही माणसं गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. त्यामुळे एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर ही नावं मला परकी वाटत नाहीत. १ फेब्रुवारी १९६८ ला हे दोन सफाई कामगार पावसात आडोसा शोधत कचऱ्याच्या गाडीत मागे शिरले. दाबयंत्र सुरू झालं आणि दोघे चिरडले गेले. मग सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. ‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन त्यांचे मोर्चे याच चर्चमधून निघायचे. २८ मार्चला मार्टिन ल्यूथर किंग यांचा मोर्चाही इथूनच निघाला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला तो थेट चर्चच्या आतही. त्या दिवशी पोलिसाच्या गोळीने गेलेल्या सोळा वर्षांच्या लॅरी पेनचा अंत्यविधी इथेच झाला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी किंग यांची हत्या झाली.

तेव्हा तुमच्या खुर्चीत हेन्री लोब होते. कामगारांच्या युनियनला मान्यता द्यायला ते तयार नव्हते. किंग यांचा जीव गेल्यावर, १६ एप्रिलला समझोता झाला. हयात संपकऱ्यांना शहराने अनुदान जाहीर केलं ते २०१७ मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी. एवढा उशीर या वास्तूला परवडणार नाही. छप्पर नसलेल्या भिंतीत प्रत्येक पावसात पाणी मुरतं, दगडांचे सांधे सुटत जातात.

म्हणून विनंती अशी, की उरलेल्या भिंतींना टेकू देण्याच्या खर्चाचा वाटा शहराने अंदाजपत्रकात धरावा. परवानग्यांसाठी संस्थेला टेबलोटेबली फिरवू नये. आणि तिथे पुढे काय उभं राहील हे ठरणाऱ्या बैठकीत संपकऱ्यांच्या मुला-नातवंडांना मानाने बसवावं.

कळावे.