म्हापशाच्या लॉजवाल्या काकींना

काकी, सप्रेम नमस्कार.

गोव्यात फिरतीवर येणाऱ्या आम्हा सगळ्या सेल्समनांकडून हे आभाराचे पत्र. खोली कुठेही मिळते, माल कोरडा राहील अशी मिळत नाही.

पावसाळ्यात सॅम्पलचे खोके भिंतीला टेकले की ओल आधी पुठ्ठ्याच्या तळाला लागते. मग चिकटपट्टी सुटते, मसाल्याच्या पुड्यांत गाठी होतात. औषधवाल्यांचे हाल त्याहून जास्त. कॅप्सूलचे जिलेटिन हवेतली ओल ओढते, झाकण सैल राहिले तर कॅप्सूल एकमेकींना चिकटून बसतात. तुमच्याकडे प्रत्येक खोलीत फळी आहे, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटे सुटी. भिजलेली बॅग तुम्ही आल्याआल्या रिकामी करायला लावता. तशीच मिटून ठेवली तर सकाळी बुरशीचा वास ठरलेला, आणि तो वास घेऊन डॉक्टरसमोर कोण बसणार?

इथली बरीच दुकाने एकच्या सुमारास बंद होतात ती तीन-चारलाच उघडतात, म्हणून तुम्ही ताट सव्वाला वाढता. शुक्रवारी म्हापशाचा बाजार. दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो, ना ऑर्डर ना वसुली. नवख्याला तुम्ही त्या दिवशी सरळ डिचोलीला पिटाळता. पर्वरीची दुकाने करायची तर पणजीची शटल पकडू नको, ती मध्ये थांबत नाही, हेही तुम्हीच सांगता. चतुर्थीच्या ऑर्डरी निदान पंधरा दिवस आधी हव्यात, कारण नंतर अर्धी दुकाने बंद आणि मालक मूळ घरी.

बिलाबद्दल तर खास आभार. कंपनीचे नाव, आल्या-गेल्याची तारीख, भाडे वेगळे, जेवण वेगळे. एकत्र लिहिले की हेड ऑफिस क्लेम अडवते.

मागच्या खोल्यांत चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे रेंज येत नाही, म्हणून पडवीतली खुर्ची तुम्ही फोनसाठी राखलीत. आधी घरी फोन, मग जेवण, मग दिवसाचा रिपोर्ट, हा क्रमही तुमचाच. रिपोर्ट आधी भरायला घेतला तर तिकडे पोरे झोपून जातात.

एक सांगायचे राहिले. कोपऱ्यातल्या खोलीतल्या फळीला वाळवी लागली आहे. नवी करताना आंब्याचे लाकूड घेऊ नका, फणसाचे घ्या. पैसे आम्ही मिळून देऊ.

आपले,
फिरतीवरचे सगळे