पुढचं पुस्तक घेण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ‘स्वतःला घडवायला शिकवणाऱ्या पुस्तकांतलं आता पुढचं कुठलं घेऊ?’ असं विचारलंयस. कुठलंच घेऊ नकोस. निदान दिवाळीपर्यंत तरी नको. घरात आहेत ती रद्दीत घालायची गरज नाही. त्यातली एक-दोन कामाची आहेत, आणि जे सगळ्यात जाडजूड आहे त्याचा उपयोग पुढे सांगतो.

वाचताना अंगात वीज संचारते आणि आठवड्याभरात सगळं थंड पडतं, असं तू लिहितोस. लगेच स्वतःच्या इच्छाशक्तीला बोल लावू नकोस. आधी ही पुस्तकं बनतात कशी ते बघ. बहुतेकांत कल्पना एकच असते आणि ती नीट मांडायला पंधरा-वीस पानं पुरतात. पण वीस पानांचं पुस्तक दुकानाच्या फळीवर उभं राहत नाही आणि त्याला चारशे रुपये किंमतही लावता येत नाही. मग प्रकरणाच्या तोंडाशी हरलेल्या माणसाची आणि त्याच्या कलाटणीची गोष्ट, मध्ये एखाद्या प्रयोगाचा दाखला, शेवटी चौकटीत सारांश. हाच साचा दहा-बारा वेळा. वीज संचारते ती त्या गोष्टींमुळे, आणि गोष्ट दुसऱ्याची असल्याने ती टिकत नाही. यापुढे असं पुस्तक हातात पडलंच तर अनुक्रमणिका बघ, पहिली दोन प्रकरणं वाच आणि बाकीच्यांच्या फक्त चौकटी. तासाभराचं काम आहे. त्यातून उद्या सकाळी करता येईल अशी एकही कृती मिळाली नाही, तर ज्याचं असेल त्याला परत करून टाक.

या पुस्तकांतले आकडे तर फारच जपून घ्यायचे. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे तू दोनदा लिहिलंयस. याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातं. त्याने १९६० साली लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीसेक दिवस लागतात. पुढच्यांनी त्यातलं ‘किमान’ गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, पहाटे उठणं, बचत, जे सुचेल ते बसवलं. प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी केली. ९६ माणसं, ८४ दिवस, प्रत्येकाने आपल्याला हवी ती एक सवय निवडलेली. मधला आकडा आला ६६ दिवस, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत. यातला वरचा आकडा अर्थातच गणिताने पुढे वाढवून काढलेला. खाण्यापिण्याच्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाच्या सवयीला त्याच्या दीडपट वेळ लागला. आणि तुला उपयोगी पडेल अशी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. बाविसाव्या दिवशी जमेना म्हणून तू जे सोडून दिलंस, ते कदाचित तिसऱ्या महिन्यात सहज जमलं असतं.

‘दहा हजार तास सराव केला की प्रावीण्य मिळतं’ हीही तीच कथा. रोज एक तास धरला तर सत्तावीस वर्षं होतात, मग या वयात सुरुवात करून काय उपयोग, हा तुझा हिशेब बरोबर आहे, पण आकडाच चुकीच्या जागी लावलायस. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा तो अभ्यास बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा. सर्वोत्तम गटाचा विशीपर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तासांच्या वर भरला, एवढंच त्यात होतं. सरासरी म्हटल्यावर काहींचे तास बरेच कमीही होते. शिवाय तो सराव शिक्षकाने नेमून दिलेला आणि एकट्याने, चुका सुधारत केलेला. हा आकडा पार केला की प्रावीण्य मिळतं, असं एरिक्सन कधीच म्हणाले नव्हते. पुढे नाव झालं त्या आकड्याचंच.

आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी आहे’ म्हणणं तू बंद केलंस ते उत्तम झालं. कॅनडात जोआन वुड यांनी २००९ मध्ये याच प्रकाराची परीक्षा घेतली. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा मनात म्हणायला लावलं. ज्यांचा स्वतःवर आधीच भरवसा होता त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचा नव्हता त्यांना आणखी वाईट वाटलं, कारण दर वेळी मन आतून ‘छे, कुठे!’ म्हणत होतं. म्हणजे औषध ज्याच्यासाठी त्यालाच बाधलं.

आणि यशाची सूत्रं निवडली जातात तीही जिंकलेल्यांकडे बघून. तेच सूत्र वापरून बुडालेल्यांची मुलाखत कोण घेतो? २००१ साली अमेरिकेत गाजलेल्या एका व्यवस्थापनाच्या पुस्तकाने अकरा आदर्श कंपन्या निवडल्या होत्या. त्यातली ‘फॅनी मे’ ही गृहकर्जाची कंपनी २००८ च्या सप्टेंबरात सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि सर्किट सिटीने नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला.

पण सगळंच टाकाऊ आहे असं समजू नकोस. दुखणं नेमकं असेल तेव्हा नेमकं पुस्तक खरंच कामाला येतं. झोप लागत नाही, सभेत बोलताना घसा कोरडा पडतो, नैराश्य सौम्य आहे, अशा वेळी विचार आणि वर्तन पायरीपायरीने बदलायला लावणारी, तक्ते भरून घेणारी पुस्तकं असतात. इंग्लंडमध्ये २०१३ पासून अशा पुस्तकांची यादी डॉक्टर सुचवतात आणि ती सार्वजनिक ग्रंथालयात मिळतात. आठवड्याला कुणी विचारपूस करणारं असेल तर त्यांचा गुण जास्त येतो. आता तुझ्यापुरतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, तर पुस्तकही नको आणि माझं हे पत्रही नको, आधी डॉक्टर गाठ. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तुझ्या पत्रावरून तसं वाटलं नाही, तरी सांगून ठेवतो.

आता मुद्द्याचं. या जातीच्या पुस्तकांचा मूळपुरुष सॅम्युअल स्माइल्स. लीड्समधल्या कामगार तरुणांपुढे केलेल्या भाषणांतून त्याचं ‘सेल्फ-हेल्प’ उभं राहिलं आणि १८५९ साली लंडनला छापलं गेलं. त्यात बर्नार्ड पालिसी या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच कारागिराची हकीकत आहे. त्याला मातीच्या भांड्यांवर पांढरी झिलई साधायची होती. पंधरा-सोळा वर्षं खटपट केली, कर्ज झालं, बायकोचे बोल ऐकले, आणि सरपण संपलं तेव्हा भट्टी विझू नये म्हणून घरातली टेबलं आणि फळ्या तोडून आत घातल्या. हे वाचून माणूस म्हणतो, ‘वा, काय चिकाटी!’ पण हकीकतीच्या सुरुवातीला एक बारीकशी गोष्ट आहे. पालिसीला कुणीतरी झिलई दिलेला एक सुंदर पेला दाखवला होता. त्या पेल्याने तो पछाडला. चिकाटी नंतर आली. पुस्तकं चिकाटीचे धडे काढतात, कारण ते सगळ्यांना विकता येतात. पेला ज्याचा त्यालाच दिसावा लागतो.

थ्रॅश आणि इलियट या मानसशास्त्रज्ञांनी २००३-०४ मध्ये प्रेरणेचा अभ्यास करताना असेच दोन भाग वेगळे काढले. बाहेरचं काहीतरी आपल्याला हलवतं, हा एक. आणि आपणही तसं काही घडवावं अशी ओढ लागते, हा दुसरा. पहिला भाग ठरवून आणता येत नाही, पण कुठे घडतोय ते टिपता येतं. दोन आठवडे एक छोटी वही खिशात ठेव. ध्येयं वगैरे काही लिहायचं नाही, तीनच नोंदी करायच्या. कुणाचं कुठलं काम बघून हेवा वाटला? काय बघताना किंवा करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही? कुणी विचारलं नसताना कशाबद्दल बोलत सुटलास? हेव्याची नोंद लाजून गाळू नकोस, ती सगळ्यात खरी असते. मात्र माणसाच्या गाडी-बंगल्याचा हेवा वेगळा आणि त्याच्या कामाचा वेगळा, त्यातला दुसराच धर. रात्री आठवून लिहिलं की नोंदी शहाण्यासारख्या होतात, म्हणून जागच्या जागी लिही.

तुझी पहिली नोंद मीच करून देतो. तुझ्या पत्रात पुस्तकांबद्दल जेमतेम अर्धं पान आहे. तिवंध्याजवळ पाडलेल्या वाड्याच्या कौलांवर, आणि पूर ओसरल्यावर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर राहिलेल्या गाळाच्या रेघेवर दीड पान. ती रेघ ‘खाली गरम तपकिरी आणि वर जवळजवळ निळी’ होती, हे कुणी विचारलं होतं तुला? चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांना ए ग्रेड मिळवणारा माणूस बँकेच्या नोकरीत ‘स्वतःला कसं शोधावं’ वाचत बसलाय. अरे, नाशकात राहतोस. जलरंगातले चित्रकार शिवाजी तुप्यांनी हाच घाट जागेवर बसून रंगवला. त्यांची मूळ चित्रं कुठे बघायला मिळाली तर हातभर अंतरावरून बघ. रंग कुठे लावलाय यापेक्षा कागद कुठे कोरा सोडलाय तेवढंच शोध.

तूही घाटावर बसून जलरंगात चित्रं काढायला लाग. सामान थोडंच घे. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, थोड्या खरबरीत पोताचा जलरंगाचा कागद, ए-थ्री आकाराचा. एका कागदाचे चार तुकडे कर. पातळ कागद घेतलास तर पाणी पडताच फुगून लाटा येतात, रंग खोलगट जागी साचतो आणि दोष हाताला लागतो. आठ नंबरचा एकच गोल ब्रश. रंग तीन: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सायना, यलो ऑकर. पहिले दोन कमीजास्त मिसळले की थंड निळसर ते उबदार तपकिरी अशा सगळ्या करड्या छटा मिळतात, म्हणजे घाटाचा दगड आणि तुझी ती गाळाची रेघ दोन्ही निघतील. काळा रंग घेऊच नकोस. बोर्डाच्या वरच्या कडेखाली ते जाडजूड पुस्तक आडवं ठेव, पाणी खाली उतरायला तेवढा उतार पुरतो. (उपयोग सांगतो म्हटलं होतं ना.)

आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीने तीनच छटा मांड: कोरा कागद, मधली, गडद. याला पाच मिनिटं. मग मोठ्या आकारांना एक पातळ हात, तो पूर्ण वाळू दे, मग सावल्या. वाळलाय की नाही ते हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघ, गार लागलं तर ओला आहे. अर्धवट वाळलेल्या रंगाला पाण्याने भरलेला ब्रश लागला की दातेरी कडांचे डाग उमटतात, आणि नवखा माणूस ते पुसायला जाऊन चित्र घालवतो. ते तसेच सोड. चाळीस मिनिटं झाली की थांब, मग चित्र कसंही असो.

वेळ ‘जमेल तेव्हा’ ठेवू नकोस. पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करीन’ या धर्तीचे संकल्प अभ्यासले. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा हे बरेच जास्त पाळले जातात असं दिसलं. तेव्हा लिहून ठेव: ‘रविवारी सकाळचा चहा झाला की कप विसळायच्या आधी पिशवी उचलायची.’ आणि अडचणीचंही आधीच ठरव: ‘पाऊस असेल किंवा पाहुणे आले, तर खिडकीतून दिसणारी समोरच्या गच्चीवरची टाकी, दहा मिनिटं, नुसती पेन्सिल.’ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या प्रयोगांत यशाचं गोड चित्र रंगवत बसणाऱ्यांचा जोर कमी पडलेला दिसला. हवं ते आणि आडवं येणारं, दोन्ही शेजारी ठेवणाऱ्यांचं काम पुढे सरकलं. प्रदर्शनाची स्वप्नं मनात येतीलच, येऊ देत, पण त्यांच्या शेजारी पाहुणेही बसव.

तू घसरशील अशी जागा मला एकच दिसते, ती म्हणजे व्हॉट्सअॅप. पहिलंच चित्र बँकेच्या ग्रुपवर टाकशील, चाळीस अंगठे येतील, आणि पुढचं चित्र तू अंगठ्यांसाठी काढशील. साहेब केबिनसाठी एखादं मागतील, पैसेही देऊ करतील. वर्षभर नाही म्हण. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. ज्यांना सोडवण्याचे पैसे मिळाले ते पैसे बंद झाल्यावर रिकाम्या वेळात कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळले. दाखवायचंच असेल तर घाटावर स्केच करायला बसणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला दाखव. तुझ्यापेक्षा दोनच वर्षं पुढे असलेला माणूस नेमकी चूक सांगतो. फार मोठे कलावंत बहुधा ‘छान आहे, करत राहा’ म्हणून मोकळे होतात.

वीस चित्रं होईपर्यंत बरंवाईट ठरवू नकोस. मग सगळी फरशीवर मांड आणि उभ्यानेच तीन निवड. त्या तिनांत काय सारखं आहे ते वहीत लिही. पाणी असेल, पडका वाडा असेल, नाहीतर नुसती दुपारची सावली. एकविसाव्या चित्राचा विषय तिथून घे. तिन्हींत काहीच सारखं नसेल तर आणखी दहा काढून पुन्हा मांड. आणि वीस चित्रांनंतरही पिशवी उचलताना कंटाळाच येत असेल, तर चित्रकला हा तुझा पेला नव्हे. वहीतली पुढची नोंद घे, त्यात कमीपणा काही नाही.

मेनरोडला हा कागद मिळाला नाही तर कळव, इथून पोस्टाने पाठवतो. सईची यंदा एलिमेंटरी असेल ना? मग घरात बोर्ड आणि क्लिपा असणारच, नवीन घेऊ नकोस. तिची परीक्षा होईपर्यंत मात्र रविवारी बोर्ड कुणाचा, हे तुम्ही दोघं आपसात ठरवा.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद