दक्षिणावर्ती शंख आणि सॅनिबेलच्या ताई

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

“माझं नाव कुठे छापू नकोस, बाकी काय लिहायचं ते लिही,” असे निघताना तुम्ही मला बजावले होते, म्हणून हे पत्र नावाशिवाय आणि उघडपणे लिहीत आहे. तुमच्या पत्त्यावर चार ओळी पाठवून मोकळे होता आले असते. परंतु मुलांकडे अमेरिकेला जाऊन हीटरच्या ऊबेत खिडकीबाहेरचा बर्फ मोजत बसणारी माझ्यासारखी आईबापे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याही कानावर हे जावे असे वाटते. शिवाय शंखाच्या बाबतीतली एक कबुली मला चारचौघांत द्यायची आहे. ती पुढे येईलच.

लेकीने ओहायोच्या थंडीतून सुटका म्हणून जानेवारीत फ्लोरिडाच्या सॅनिबेल बेटावर दोन आठवड्यांसाठी घर घेतले, तेव्हा मी मनातून नाखूषच होते. रत्नागिरीत जन्म गेलेल्या बाईला समुद्र दाखवायला इतक्या लांब कशाला न्यायचे, असा माझा रोखठोक प्रश्न होता. पहिल्याच सकाळी मी पिशवी घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि अर्ध्या तासात ती गच्च भरली. इतके शिंपले एका जागी मी कधी पाहिले नव्हते. पायाखाली वाळू कमी आणि शिंपलेच अधिक. कमरेत वाकून चालणाऱ्या माणसांची रांगच्या रांग पाण्याच्या कडेने सरकत होती. ते पाहून “ही तर लावणीला उतरलेली माणसं,” असे मी मराठीत पुटपुटले आणि माझ्या शेजारचीच एक वाकलेली आकृती सरळ होऊन मालवणी हेल काढत म्हणाली, “हयसर लावणी नाय गो, नुसती वेचणी.” आपली ओळख झाली ती अशी. त्या वाकण्याला तिथे ‘सॅनिबेल स्टूप’ असे खास नाव आहे, हेही तुम्हीच सांगितलेत.

त्यानंतर लगेच तुम्ही माझी पिशवी वाळूवर उपडी केलीत. तेव्हा मला राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही. त्या ढिगातून तुम्ही मुठीएवढा, करड्या-तपकिरी रंगाचा एक शंख उचललात आणि ओंजळभर पाण्यात धरून मला स्वस्थ पाहायला सांगितलेत. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग शंखाच्या तोंडातून दोन बारीक देठ बाहेर आले. प्रत्येक देठाच्या टोकाला काळे बुबुळ आणि त्याभोवती पिवळसर कडे असलेला एकेक डोळा होता, आणि ते दोन्ही डोळे माझ्याकडे रोखलेले होते. पाठोपाठ नखासारखी टोकदार झाकणी असलेला पाय बाहेर आला आणि त्याने तुमच्या तळव्याला अशी ढुशी दिली की शंख उलटला. या शंखाला ‘फायटिंग काँक’ का म्हणतात, ते निराळे सांगावे लागले नाही. सॅनिबेलवर 1995 पासून जिवंत शंख-शिंपले उचलण्यास कायद्याने बंदी आहे, आणि त्यात तारामासे, समुद्री साळिंदरे व सँड डॉलरही येतात, हे तुम्ही नंतर सांगितलेत. आधी ते डोळे दाखवलेत, हे बरे केलेत. नुसता कायदा ऐकून मी मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले असते.

पांढरा सँड डॉलर मेलेला आणि तपकिरी, लव असलेला जिवंत. खेकड्याने बिऱ्हाड थाटलेला शंखही जिवंतच धरायचा. जोडशिंपल्याची दोन्ही पाखे घट्ट मिटलेली असतील तर हात लावायचा नाही. हे सगळे मी त्या एका सकाळी शिकले. माझ्या पिशवीतले जवळजवळ निम्मे शिंपले परत पाण्यात गेले. उरलेल्यांतून तुम्ही एकेक नाव सांगत गेलात: मांजराच्या पिल्लाच्या पंजासारखे ‘किटन्स पॉ’, कुणी न समजणाऱ्या लिपीत मजकूर लिहून ठेवल्यासारखे दिसणारे ‘लेटर्ड ऑलिव्ह’, नाजूक पांढरे ‘एंजल विंग’. तपकिरी ठिपक्यांचा ‘जुनोनिया’ मात्र तुम्हीही मला दाखवू शकला नाहीत. तो खोल पाण्यात राहतो, किनाऱ्याला क्वचितच लागतो, आणि तो सापडणाऱ्याचा फोटो स्थानिक वर्तमानपत्रात छापून येतो म्हणे. माझा आला नाही.

इथेच इतके शिंपले का, हे तुम्ही ओल्या वाळूवर बोटाने नकाशा काढून समजावलेत. त्या किनाऱ्यालगतची बहुतेक बेटे किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत. सॅनिबेल तेवढे कोळंबीसारखे वाकून पूर्व-पश्चिम आडवे पडले आहे. समोर मेक्सिकोच्या आखाताचा तळ दूरवर उथळ आहे, त्यामुळे प्रवाहाबरोबर गडगडत आलेले शिंपले या आडव्या बेटाच्या कुशीत येऊन थांबतात. उत्तरेकडून थंडीची लाट आली की वायव्येचा वारा पाणी ढवळतो, आणि त्यानंतरच्या ओहोटीला खरी पर्वणी असते. आमच्याकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत माणसाच्या उंचीइतका फरक पडतो. तिथे जेमतेम दोन-तीन फूट. तरीही पौष पौर्णिमेच्या सुमारास, दहा अंशांहूनही कमी तापमानात, डोक्याला बॅटरी लावून तुम्ही मला पहाटे बोमन्स बीचवर नेलेत, तेव्हा त्या दोन-तीन फुटांनी किती जमीन उघडी पडते ते कळले. पायांना बधिरता आली होती आणि तुम्ही थर्मासमधला आल्याचा चहा पाजलात. त्या चहाचे आभार वेगळे मानते.

आता सायकलीविषयी. चाळीस वर्षांनी सायकलवर बसायला मी तयार झाले याचे सगळे श्रेय किंवा अपश्रेय तुमचेच आहे. बेटावर वाहतुकीचा एकही सिग्नल नाही आणि पंचवीस मैलांहून अधिक सायकलमार्ग आहे, तेव्हा भीती कसली, असे तुम्ही म्हणालात. भाड्याच्या त्या रुंद हँडलच्या सायकलला हाताचे ब्रेकच नव्हते, हे दुकानात कुणी सांगितले नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही. पहिल्याच वळणावर मी हँडलखाली ब्रेक चाचपत राहिले आणि सरळ ‘सी ग्रेप’च्या झुडपात शिरले. तुम्ही हसला नाहीत. पायडल उलटे दाबले की ती थांबते, हे तुम्ही एका रिकाम्या पार्किंगमध्ये माझ्याकडून वीस वेळा घोटून घेतलेत. दुसरा घोटाळा भाषेचा. मागून कुणी “ऑन युअर लेफ्ट” असे ओरडले की मी आज्ञाधारकपणे डावीकडे व्हायचे, म्हणजे नेमकी त्याच्या वाटेत. “अगो, तो डावीकडून येतोय असं सांगतो, तुला डावीकडे हो म्हणत नाही,” हे तुम्ही समजावेपर्यंत मी दोन सज्जनांना गवतात उतरवले होते. त्यांचीही या पत्रातून क्षमा मागते.

पुढे मात्र सायकल इतकी अंगवळणी पडली की जावई गाडी काढायला निघाला तर मला वाईट वाटू लागले. पेरिविंकल वे या मुख्य रस्त्याच्या कडेने दीपस्तंभापर्यंत आपण कितीदा गेलो असू! 1884 साली पेटलेला तो लोखंडी दीपस्तंभ 28 सप्टेंबर 2022 च्या ‘इयन’ वादळात चारपैकी एक पाय गमावूनही उभा राहिला. त्याच वादळाने बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता तोडला होता आणि तुमच्या घरात समुद्र शिरला होता. तीस वर्षे जमवलेले शिंपले वाहून गेले, ते सांगताना तुम्ही म्हणालात, “शिंपले त्याचेच होते, त्याने परत नेले हे मी समजू शकते; पण फ्रीज कशाला न्यावा?” मला त्यावर हसावे की नाही ते कळले नव्हते. तुम्हीच आधी हसलात. वाटेत सुरूची झाडे पाहून मला घरच्यासारखे वाटले, तर तुम्ही ती तिथे उपद्रवी परदेशी मानली जातात असे सांगून माझा तोही आनंद घालवलात. असो.

डिंग डार्लिंग अभयारण्यातला चार मैलांचा एकेरी रस्ता मात्र तुमच्याशिवाय मी नुसता ओलांडला असता. शुक्रवारी तो बंद असतो, आणि पक्षी पाहायचे तर तिथेही ओहोटीच गाठावी लागते, कारण चिखल उघडा पडल्यावरच पक्षी चरायला उतरतात. शिंपले आणि पक्षी दोन्ही एकाच ओहोटीवर टपलेले असल्यामुळे रोज सकाळी आपली भांडणे होत, आणि ती नेहमी तुम्हीच जिंकत असा! ज्यांच्या नावाने हे अभयारण्य आहे ते जे. एन. डार्लिंग व्यंगचित्रकार होते, त्यांना दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळाले होते आणि 1934 चे पहिले ‘डक स्टॅम्प’ हे पाणपक्षी-संरक्षणाचे तिकीट त्यांनीच रेखाटले होते, हे ऐकून मला फार गंमत वाटली. अभयारण्य 1945 मध्ये झाले आणि 1967 मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले. व्यंगचित्रकाराच्या नावाने जंगल, ही कल्पनाच मला आवडली.

तिथे तुम्ही कांदळवनाशी माझी नव्याने ओळख करून दिलीत. तिकडच्या ‘रेड मँग्रोव्ह’ची कमानीसारखी मुळे पाहताच मी “कांदळ!” म्हणाले आणि चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळे पाहून “तिवर!” तुम्ही म्हणालात की जाती वेगळ्या, पण कुळे तीच. फांदीवर पंख वाळवत बसलेला ‘अनहिंगा’ म्हणजे आपल्या तिरंदाजाचा भाऊबंद. आपल्याकडचा चमचा पक्षी पांढरा. तिकडचा गुलाबी, आणि ती गुलाबी छटा त्याच्या खाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवांतून येते. त्या दिवशी उथळ पाण्यात तेरा चमचे ओळीने चोची डावी-उजवीकडे फिरवत चालले होते, अगदी एकाच तालात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे नऊ फूट पंखविस्ताराचे पांढरे पेलिकन पोहत-पोहत मासे घेरतात आणि बारमाही राहणारे तपकिरी पेलिकन वरून सूर मारतात, हा फरक तुम्ही दाखवेपर्यंत मला सगळे पेलिकन एकच होते. बेली ट्रॅक्टच्या गोड्या पाण्याकाठी ऊन खात पडलेल्या ॲलिगेटरसमोर मी फोटोसाठी दोन पावले पुढे टाकली, तेव्हा तुम्ही माझा पदर धरून मागे ओढलेत. त्याबद्दलही धन्यवाद, जरी पिन तुटली.

आणि आता तो शंख. तुम्ही एक दिवस मला ‘लायटनिंग व्हेल्क’ हातात दिलात: वीज चमकल्यासारख्या तपकिरी रेषांचा, रिकामा. वेटोळ्यांचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले की बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे असते, याचे डावीकडे. आपण मात्र शंख उलटा, पन्हाळ म्हणजे दुसऱ्या टोकाची निमुळती नळी वर करून धरतो, म्हणून हाच आपल्या लेखी दक्षिणावर्ती. मी थक्क झाले, कारण आमच्या देवघरात नेमका असाच शंख आहे. माझ्या यजमानांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एका तीर्थक्षेत्री मोठी रक्कम मोजून तो ‘अस्सल दक्षिणावर्ती’ म्हणून घेतला होता. तुम्ही जरा गप्प बसलात आणि मग म्हणालात, “खऱ्या पूजेच्या शंखाच्या आत, मधल्या खांबावर, तीन-चार ठळक वळ्या असतात आणि तो हाताला जड लागतो. घरी फोन करून बघायला सांग.” जाऊबाईंनी व्हिडिओवर शंख कॅमेऱ्यापुढे धरला, आत बोट फिरवले. “गुळगुळीत आहे गं,” त्या म्हणाल्या. म्हणजे आमच्या देवघरात इतकी वर्षे लक्ष्मीचा म्हणून पुजलेला शंख अमेरिकेच्या किनाऱ्यावरून आलेला होता.

मला फसवले गेल्याचे वाईट वाटलेच. यजमान आज हयात नाहीत; त्यांना हे कळले असते तर त्यांनी त्या दुकानाची वाट धरली असती. तुम्ही माझी समजूत काढली नाहीत. उलट सायकल काढून मला अभयारण्यातल्या शेल माऊंडच्या, म्हणजे जुन्या शिंपल्यांच्या टेकाडाच्या, पायवाटेवर नेलेत आणि सांगितलेत, की युरोपी लोक येण्यापूर्वी इथे राहणारे कलुसा लोक याच व्हेल्कची हत्यारे करत. आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या कितीतरी जमाती याच डाव्या शंखाचे पेले करून विधीचे काळे पेय पीत. उलट्या वळणाचा शंख निवडून पवित्र मानणारी माणसे तिथेही होती, आणि आम्ही त्यांच्याच देवाची वस्तू चढ्या भावाने आणून आमच्या देवापुढे ठेवली होती, एवढेच.

घरी परतल्यावर जाऊबाईंनी विचारले, शंख देवघरातून काढायचा का? मी नको म्हटले. पूजा चालू आहे. फक्त त्याला आता ‘फ्लोरिडाचा पाहुणा’ म्हणतात, आणि पुसताना मी त्याच्या खांबावरून एकदा बोट फिरवते.

लेक पुढच्या जानेवारीतही घर घेणार आहे. आपण असालच. ओहोटीची वेळ आणि थर्मास तुमच्याकडे लागले. पिशवी मी आणीन, लहानशी. सायकलचे सीट मात्र यंदा आधीच दोन बोटे खाली करून ठेवा, आणि शक्य असेल तर हाताचे ब्रेक असलेली बघा.

आपली नम्र,
झुडपात शिरलेली रत्नागिरीची पाहुणी